यार्डाशेजारचं बिऱ्हाड

आमच्या मुलानं बाणेरला फ्लॅट घेतला आहे. "बाबा, आता इकडंच या," हा त्याचा आग्रह सौ.चे गुडघे कुरकुरू लागल्यापासून वाढला आहे. त्याचं म्हणणं खोटं नाही. मार्केट यार्डाजवळच्या आमच्या सोसायटीत पहाटेपासून ट्रकचे हॉर्न, कोबीच्या पाल्याचा कुजका वास आणि बाहेर पडावं तर गंगाधाम चौकातली कोंडी. पस्तीस वर्षं मीही याच तक्रारी करत आलो.

बँकेत उमेदवारी केलेला माणूस. कागदावर जमा-खर्च मांडून पाहिला. जमेकडं आधी भाजी. यार्ड घाऊक बाजार, आपल्याला पाव किलो भेंडी कोण देणार, असं नव्यानं आलेल्यांना वाटतं. पण आडत्याच्या गाळ्यापुढं माल घेऊन तिथंच किरकोळ विकणारे असतात. यार्डात त्यांना 'डमी' म्हणतात. बाजार समितीशी त्यांचं कधीच पटत नाही, आमचं मात्र त्यांच्यावाचून अडतं. भुसार बाजारातला वर्षाचा गहू, सणाला फूलबाजार, कोपऱ्यावरची गिरणी. सौ. बहिणीकडं गेली की मी हमाल पंचायतीच्या 'कष्टाची भाकर'मध्ये जेवतो. 1974 साली हमालांसाठी सुरू झालेल्या या केंद्रांनी निवृत्त अधिकाऱ्यालाही कधी उपाशी ठेवलेलं नाही.

पॅरिसमध्ये कार्लोस मोरेनो नावाच्या प्राध्यापकांनी 'पंधरा मिनिटांचं शहर' ही कल्पना मांडली. रोजच्या गरजा घरापासून पंधरा मिनिटांत भागाव्यात, एवढंच. 2020 साली तिथल्या महापौर आन इदाल्गो यांनी ती निवडणुकीत पुढं आणली. वाचून सौ. म्हणाली, "यात नवीन काय? आपण तर दहाच मिनिटांत येतो!"

त्याच 2020 च्या एप्रिलमध्ये करोनामुळं यार्डातला फळ-भाजी विभाग बंद झाला. हॉर्न थांबले, वास गेला. ज्या शांततेसाठी इतकी वर्षं कुरकुरलो ती मिळाली, आणि पहाटे मला झोपच येईना. खिडकीत उभा राहून मी रिकामा रस्ता पाहत असे. आपल्या घराचं घड्याळ कुणाच्या किल्लीवर चालतं, ते तेव्हा कळलं.

खर्चाकडं सगळ्यात मोठी रक्कम गेल्या श्रावणातली. यार्डाच्या दाराशी सौ. पडली, आणि तीही कोबीच्या पानावरून घसरून! मी घरी वर्तमानपत्र वाचत होतो. खाली गलका झाला म्हणून गॅलरीतून पाहिलं, तर हातगाडीवर रिकामी पोती अंथरून दोन हमाल तिला घेऊन येत होते. मागून एक भाजीवाली तिची पिशवी सांभाळत येत होती. त्यातल्या एकाचंही नाव मला ठाऊक नव्हतं. पत्ता मात्र त्यांनी कुणालाच विचारला नव्हता.

आता ही रक्कम जमेकडं लिहायची की खर्चाकडं? इतकी वर्षं ताळेबंद तपासले, पण इथं पेन अडलं.

मुलाचा फोन दर शनिवारी येतो. त्या दिवशी यार्डाला सुट्टी, त्यामुळं नीट ऐकू येतं. काल त्यानं पुन्हा विषय काढला. सौ. पाय चोळत म्हणाली, "अरे, दसरा तरी होऊ दे. इथला झेंडू सोडून तिकडं येऊन काय करू?"

दसऱ्यानंतर दिवाळी आहेच. आज रविवार, आवक सर्वांत मोठी. पिशव्या घेऊन ती दारात उभी आहे.