आधी रीड, मग क्लॅरिनेट

क्लॅरिनेटची रीड उजेडासमोर धरून पाहा. खालचा भाग जाड. वरचा तासलेला, निमुळता होत गेलेला. तासलेल्या भागात मधोमध कमानीसारखी गडद सावली दिसते. तो रीडचा गाभा. त्याच्या दोन्ही बाजूंनी आणि टोकाकडे उजेड आरपार येतो आणि उभे धागे थेट टोकापर्यंत गेलेले दिसतात. व्हॅनडोरेन या फ्रेंच कंपनीच्या निळ्या डबीतल्या रीडचं टोक अवघं ०.०९ मिलिमीटर जाड असतं. वरातीच्या बँडमध्ये पितळी वाद्यांच्या गदारोळावरून ऐकू येणारा क्लॅरिनेटचा सूर इथूनच सुरू होतो!

ही रीड म्हणजे अरुंडो डोनॅक्स नावाच्या, बांबूसारख्या दिसणाऱ्या उंच गवताचं खोड. दक्षिण फ्रान्समधल्या व्हार भागात ते रीडसाठी मुद्दाम वाढवतात. साधारण दोन वर्षं वाढलेलं खोड हिवाळ्यात कापायचं, उन्हात वाळवायचं, मुरू द्यायचं आणि मगच तासायचं. पॅरिस ऑपेरात क्लॅरिनेट वाजवणाऱ्या यूजीन व्हॅन डोरेन यांनी १९०५ साली व्हॅनडोरेनचा रीडचा व्यवसाय सुरू केला.

रीड नेमकं करते काय? फुंकर घातली की ती जिच्यावर बसवलेली असते त्या तोंडात धरायच्या भागाकडे, म्हणजे माउथपीसकडे, झुकते आणि हवा आत जाण्याची फट अरुंद होते. त्यामुळे दाबाची एक लहर नळीतून धावत जाते, खालच्या उघड्या तोंडावरून परत फिरते आणि रीडला पुन्हा हलवते. झोपाळा परत येतो त्या क्षणीच झोका द्यावा, तशी फुंकर आणि लहर यांची वेळ जुळते. बी-फ्लॅट क्लॅरिनेटच्या सर्वांत खालच्या सुरात रीड सेकंदाला सुमारे १४७ वेळा कंप पावते. जवळपास तेवढ्याच लांबीच्या बासरीचा, म्हणजे पाश्चात्त्य फ्लूटचा, सर्वांत खालचा सूर सेकंदाला सुमारे २६२ कंपनांचा. क्लॅरिनेट इतकं खाली उतरतं, कारण रीडकडचं तोंड लहरीला बंदच वाटतं, बासरीचं मात्र उघडं.

आता दुकानात जाऊ. ‘अडीच नंबर’ म्हणजे दोन नंबरपेक्षा जाड रीड, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात एकाच मापात कापलेल्या रीड यंत्रावर वाकवून पाहतात. जी वाकायला जास्त विरोध करते तिला वरचा नंबर मिळतो. मापं सारखी, पण गवत निसर्गाचं. म्हणून एका डबीतल्या दहा रीडसुद्धा दहा परींनी वाजतात. एका कंपनीचा नंबर दुसरीच्या नंबराशी जुळेलच असंही नाही. नवशिक्याने दोन किंवा अडीच नंबरपासून सुरुवात करावी, तीन-चार रीड आलटूनपालटून वापराव्यात, वाजवून झाल्यावर पुसून सपाट ठेवाव्यात. पॉलिप्रॉपिलीनची कृत्रिम रीड बरीच महाग पडते, पण ती ओली करावी लागत नाही आणि हवा बदलली तरी फारशी बिघडत नाही.

रीडनंतर पैसे खर्च करावेत ते माउथपीसवर. टोकाशी रीड आणि माउथपीस यांच्यात जी फट राहते ती जेमतेम एक मिलिमीटरची असते. व्हॅनडोरेनच्या ५आरव्ही माउथपीसमध्ये ती १.०६५, तर बी४५मध्ये १.१९५ मिलिमीटर. केवढासा हा फरक! पण फट मोठी झाली की सहसा हलकी, म्हणजे खालच्या नंबरची रीड लागते, म्हणून या दोन्ही गोष्टी जोडीनेच निवडाव्या लागतात. रीड माउथपीसवर आवळून धरणारं लिगेचर आणि माउथपीसखालचा आखूड जोड, म्हणजे बॅरल, यांची पाळी त्यानंतरची.

आणि वाद्य? उत्तम क्लॅरिनेट बहुधा ग्रेनॅडिलाचं असतं. टांझानिया-मोझांबिककडचं हे लाकूड इतकं जड, की पाण्यात बुडतं. तरीही सुरावर लाकडापेक्षा जास्त हुकमत चालते ती नळीच्या आतल्या आकाराची. बुफे क्रांपॉं या वाद्यं बनवणाऱ्या कंपनीच्या रॉबेर कारे यांनी १९५५ साली घडवलेल्या आर१३ या प्रसिद्ध क्लॅरिनेटमध्ये नळीचा आतला व्यास वेगवेगळ्या भागांत किंचित बदलत जातो. वरच्या किमतीच्या वाद्यात आपण मुख्यतः ही बारकाई, भोकांची घडण आणि चाव्यांचा नेमकेपणा विकत घेतो.

म्हणून नवं क्लॅरिनेट पाहायला जाताना आपलं जुनं वाद्य, सरावाचा माउथपीस आणि नीट वाजणारी रीड बरोबर न्या. जुन्या आणि नव्या वाद्यावर तीच जोडी लावून एकच सूर दोनदा वाजवा. मग कानाला जो फरक जाणवेल तो नव्या वाद्याचाच असेल, आणि त्यासाठी जास्तीचे पैसे द्यायचे की नाहीत हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.