'अपराजितो' : उत्कर्षाचे मोल

तीन भागांत विस्तारलेल्या कलाकृतीत मधल्या भागाच्या वाट्याला बहुधा उपेक्षाच येते. पहिल्या भागाला आरंभाचे नावीन्य असते आणि अखेरच्या भागाला परिपूर्तीचे समाधान. मधल्या भागाने केवळ एका तीरावरून दुसऱ्या तीरावर न्यावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. सत्यजित राय यांच्या अपू-चित्रत्रयीतील 'अपराजितो' या चित्रपटाचे असेच झाले. 'पथेर पांचाली' (1955) आणि 'अपूर संसार' (1959) यांविषयी जितक्या आत्मीयतेने बोलले जाते, तितक्या आत्मीयतेने 'अपराजितो'विषयी बोलले जात नाही. ऑक्टोबर 1956 मध्ये तो कलकत्त्यात प्रदर्शित झाला तेव्हा प्रेक्षकांनी त्याच्याकडे पाठ फिरविली. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात कुरोसावा आणि व्हिस्कोंती यांच्या चित्रपटांच्या पंक्तीत बसून त्याने सुवर्णसिंहाचे सर्वोच्च पारितोषिक मिळविले, तरीही स्वदेशातील ही उदासीनता पुरती ओसरली नाही. अपू आणि त्याची आई यांच्यातील संबंधाचे चित्रण प्रेक्षकांना रुचले नाही, असे राय यांनीच पुढे नमूद केले आहे. हे न रुचणे हाच या चित्रपटाच्या आकलनाचा उत्तम आरंभबिंदू होय. कारण 'अपराजितो' हा केवळ मायलेकरांच्या ताटातुटीचा चित्रपट नाही. एका दरिद्री पुरोहिताच्या मुलाने एका सामाजिक पायरीवरून दुसरीवर चढण्याचा आणि त्या चढणीचे मोल कोणी दिले याचा तो हिशेब आहे.

खालच्या थरातून वर येऊ पाहणाऱ्या तरुणाची कथा युरोपीय साहित्याला चांगलीच परिचित आहे. स्तांदालचा ज्युलिअँ सोरेल आणि बाल्झाकचा रास्तिन्याक हे तिचे आद्य नायक होत. 'अपराजितो' पडद्यावर आला त्याच सुमारास, 1957 साली, जॉन ब्रेन याची 'रूम ॲट द टॉप' ही कादंबरी इंग्लंडमध्ये गाजली आणि 1959 साली तिच्यावर चित्रपटही निघाला. या साऱ्या कथांचा साचा बहुतांशी सारखा आहे. नायक हुशार, मानी आणि डिवचलेला असतो. वरच्या वर्गातील स्त्रीचे प्रेम हे त्याच्या हाती लागलेले साधन असते. आणि यशाबरोबर त्याच्या अंतःकरणातील काहीतरी मरून जाते. वाचकाला निवाडा करणे त्यामुळे सोपे जाते. अपूच्या ठिकाणी मात्र यातले काहीच नाही. तो कोणाला फसवीत नाही, कोणाचा हेवा करीत नाही. संपत्तीचा लोभही त्याला शिवलेला नाही. त्याला फक्त शिकायचे आहे. आणि तरीही त्याच्या शिकण्यापायी एक स्त्री एकाकी मरते. दोष कोणाच्या माथी मारावा हे कळत नसताना झालेली ही हानी, हेच या चित्रपटाचे खरे द्रव्य आहे.

या हिशेबाचा आरंभ वाराणसीत होतो, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. चित्रपटाचा काळ 1920 चा आहे. निश्चिंदिपूरचे पडके घर सोडून हरिहर पत्नी सर्वजया आणि दहा वर्षांचा अपू यांच्यासह काशीस आला आहे. मराठी वाचकाला या येण्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. पैठणहून काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील गागाभट्टांनी 1674 मध्ये शिवराज्याभिषेकाचे पौरोहित्य केले. ब्रह्मघाट-दुर्गाघाटाच्या परिसरात मराठी वैदिकांची घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. काशी ही मोक्षाची नगरी खरी, परंतु विद्येने प्रतिष्ठा मिळविण्याचीही ती नगरी होती. काशीस राहून आलेल्या शास्त्र्याच्या शब्दाला गावी वजन असे. हरिहर घाटावर पुराण सांगतो ते पोटासाठी. पण त्याच्या मनात आपल्या विद्येचे चीज होईल ही जुनी आशा अजून तग धरून आहे. तोही आपल्या परीने महत्त्वाकांक्षीच आहे. फरक एवढाच, की त्याच्या गाठीचे नाणे आता बाजारात चालेनासे झाले आहे. ज्या घाटांवर तो पुराण सांगतो, त्यांच्यापासून काही मैलांच्या आतच 1916 साली हिंदू विश्वविद्यालयाची कोनशिला बसली होती. त्याचा उल्लेखही चित्रपटात नाही. पण जुनी विद्या आणि नवी विद्या एकाच नगरीत अशा शेजारी उभ्या होत्या, हे ध्यानात ठेवले म्हणजे हरिहराच्या पराभवाचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

राय यांनी हा पराभव घाटाच्या पायऱ्यांवर दाखविला आहे. ज्वरातून पुरता न उठलेला हरिहर गंगेवरून परततो आणि पायऱ्या चढता चढता कोसळतो. मग पहाटेची ती अविस्मरणीय घटना येते: मरणोन्मुख पित्यासाठी अपू गंगाजल आणावयास धावतो, ते त्याच्या मुखात पडते आणि त्याच क्षणी घाटावरून कबुतरांचा प्रचंड थवा आकाशात उसळतो. या प्रतिमेची प्रशंसा पुष्कळ झाली आहे. परंतु तिच्या आधी आणि नंतर जे आहे ते तितकेच महत्त्वाचे आहे. या कुटुंबाचे बिऱ्हाड विहिरीसारख्या खोल चौकाभोवतीच्या घरात आहे. हे घर बन्सी चंद्रगुप्त यांनी कलकत्त्याच्या चित्रशाळेत उभारले होते. छायालेखक सुब्रत मित्र यांनी चौकावर पांढरे कापड ताणून त्यावरून परावर्तित झालेला प्रकाश खाली सोडला आणि काशीतील घरात उतरणारा तो निःसावल, फिकट उजेड हुबेहूब साधला. घाटावर सूर्य आणि आकाश, घरात हा उसना उजेड. घाट पुरुषांचा आहे, मुलाचा आहे. चौक सर्वजयेचा आहे. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू त्या चौकातल्या स्वयंपाकघरात शिरतो, तेव्हा विळी उगारून ती एकटीच स्वतःचे रक्षण करते.

वैधव्यानंतर सर्वजया एका धनिकाच्या घरी स्वयंपाकीण म्हणून राहते. घरची माणसे वाईट नाहीत. तिला जाच नाही, उपासमार नाही. चित्रपटाची कळ फिरते ती नेमकी येथे. जिना उतरत असताना ती पाहते, की अपू मालकासाठी हुक्क्याची तयारी करीत आहे. मालकाचे पिकलेले केस उपटून चार पैसे मिळविण्यासही तो शिकला आहे. ती काही बोलत नाही. जिन्यावरून एकेक पायरी उतरताना तिची नजर मुलावर खिळून राहते. आणि पुढच्याच क्षणी आगगाडी काशीचा पूल ओलांडून बंगालकडे निघालेली दिसते. वृद्ध नातलग भवतारण यांच्याबरोबर मनसापोता या खेड्यात जाण्याचा निर्णय तिने घेतलेला असतो. मुलाला सुखवस्तू घरातला चाकर होऊ द्यावयाचे नाही, हा तो निर्णय आहे. म्हणजे या कथेतील पहिली महत्त्वाकांक्षा अपूची नव्हे, सर्वजयेची आहे. पुढे जी ओढ मुलाला तिच्यापासून दूर नेते, तिचा उगम त्या जिन्यावरच्या तिच्या निःशब्द नकारात आहे. करुणा बंद्योपाध्याय यांनी हा नकार केवळ डोळ्यांनी व्यक्त केला आहे.

परंतु सर्वजयेची दृष्टी एका मर्यादेपर्यंतच पोहोचते. मुलाने चाकर होऊ नये, वाडवडिलांची भिक्षुकी सन्मानाने चालवावी, एवढेच तिला हवे आहे. अपू पूजा करू लागतो. आणि दुपारी शाळेत जाणारी मुले पाहून आईपाशी शाळेचा हट्ट धरतो. ती आपल्या शिलकीतून त्याला शाळेत घालते. मग मुख्याध्यापकांनी दिलेली पुस्तके येतात. लिव्हिंग्स्टनची आफ्रिका, ध्रुवप्रदेश आणि ग्रहताऱ्यांचे विज्ञान त्यांतून येते. सावलीवरून वेळ सांगणारे यंत्र अपू अंगणात मांडतो. अखेर शिष्यवृत्ती मिळते आणि बक्षीस मिळालेला पृथ्वीचा गोल हाती घेऊन तो आईला कलकत्ता कोठे आहे ते दाखवितो. त्या गोलावर मनसापोता नाही. या छोट्या प्रसंगात चढणीचे सारे गणित सामावले आहे: ज्याला जग दिसू लागले त्याला घर दिसेनासे होते, आणि ते दाखविणारी पुस्तके घरच्याच पैशांनी आलेली असतात. सर्वजया आधी मुलाला चापट मारते आणि मग साठविलेले पैसे काढून त्याच्या हाती ठेवते. या दोन कृती परस्परविरोधी नाहीत.

कलकत्त्यात अपू रात्री छापखान्यात राबतो आणि दिवसा वर्गात पेंगतो. खोलीतला विजेचा दिवा लावण्यातही त्याला अपूर्वाई वाटते. सुटीत तो गावी येतो तेव्हा त्याच्याजवळ बोलण्यासारखे फारसे उरलेले नसते. रात्री आई त्याला विचारते, की ती आजारी पडली तर तो स्वतःच्या कमाईतून तिचे औषधपाणी करील काय. उत्तर येत नाही. तो झोपी गेलेला असतो. सहजपणामुळेच हा प्रसंग भयंकर वाटतो. मुलगा क्रूर नाही. तो फक्त थकलेला आहे, तरुण आहे. दुसऱ्या बाजूला, स्थानकापर्यंत गेलेला अपू समोरची गाडी मुद्दाम सोडून एका दिवसासाठी परततो आणि गाडी चुकली असे आईला सांगतो. माया आटलेली नाही. तिला आता फक्त एका दिवसाची सवड आहे.

विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या कादंबऱ्यांशी तुलना केली असता राय यांचे धैर्य आणखी ध्यानात येते. 'पथेर पांचाली' (1929) या कादंबरीचा शेवटचा आणि 'अपराजितो' (1932) या कादंबरीचा पहिला भाग त्यांनी एकत्र गुंफला. आईच्या मृत्यूची वार्ता कळताच अपूच्या मनाला क्षणभर सुटकेचा आनंद वाटतो, असे विभूतिभूषणांनी लिहिले आहे. भारतीय कादंबरीत इतके निर्भय वाक्य दुर्मीळच. राय यांना या कथेकडे खेचले ते त्यानेच. उलट, कादंबरीतील धनिक घरची लीला चित्रपटात नाही. मनाजोगी अभिनेत्री न मिळाल्याने ते पात्र गाळावे लागले आणि राय यांना त्याची खंत राहिली. तथापि या अपघाताने चित्रपटाचा लाभच झाला असे म्हणावे लागेल. लीला असती तर अपूच्या ओढीला प्रेमाचे परिचित कारण मिळाले असते, आणि ही कथा स्तांदालच्या साच्याकडे झुकली असती. लीला नसल्यामुळे एका बाजूला पुस्तके आणि दुसऱ्या बाजूला आई, एवढेच उरले.

मराठी वाचकाला येथे 'श्यामची आई' आठवल्याशिवाय राहणार नाही. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकावरील आचार्य अत्रे यांच्या चित्रपटाला 1954 मध्ये, राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. दोनच वर्षांनी तोच मान 'पथेर पांचाली'ला लाभला. दोन्ही कथांत दारिद्र्य आहे, पुरोहितवर्गातील घर आहे, शिक्षणासाठी दूर गेलेला मुलगा आहे. आणि आईच्या अंतकाळी तो जवळ नाही. वस्तुस्थिती एकच, पण तिची मांडणी मात्र निराळी. श्याम मोठेपणी सोबत्यांना रात्रीमागून रात्र आईची आठवण सांगतो. या कथनाने तो ऋण मान्य करतो आणि आईचा संस्कार हेच आपले खरे धन ठरवितो. कृतज्ञतेने ताटातुटीची जखम भरून येते. ही मांडणी खोटी नव्हे. ती एका थोर अंतःकरणाची साक्ष आहे. परंतु माधुकरी मागून, वार लावून जेवून शिकलेल्या आणि मग कायमच्या शहरवासी झालेल्या कित्येक पिढ्यांच्या आत्मवृत्तांत हीच कृतज्ञता पुढे एक रूढी बनली. मागे राहिलेल्या आईने दाराशी किती संध्याकाळ काढल्या, हा प्रश्न त्या कृतज्ञतेखाली झाकला गेला. 'अपराजितो' तो उघडा करतो. झाडाखाली बसून सर्वजया आगगाडीची वाट पाहते; गाडी येते आणि जाते; अंधारात काजवे चमकतात. ते पाहणारी ती एकटी असते, सांगणारा श्याम तेथे नसतो.

शेवटही या भूमिकेशी इमान राखतो. अपू पोहोचतो तेव्हा सर्व संपलेले असते. तो धाय मोकलून रडतो. भवतारण त्याला राहावयास आणि भिक्षुकी सांभाळावयास सांगतात. परीक्षा आहे, आईचे क्रियाकर्म कालीघाटला करीन, असे सांगून तो वळकटी उचलतो आणि आभाळ भरून आलेले असताना वाटेला लागतो. राय त्याला शिक्षा देत नाहीत आणि क्षमाही करीत नाहीत. त्यावेळच्या प्रेक्षकांना हेच दुःसह झाले असावे. मुलाने राहावे, किंवा निदान त्याने जन्मभर झुरावे, अशी त्यांची अपेक्षा असणार. पुढे 'सीमाबद्ध' (1971) या चित्रपटात राय यांनी पदोन्नतीसाठी नीती सोडणारा अधिकारी रंगविला. उद्वाहक बंद पडल्यामुळे तो अखेरीस मजल्यामागून मजला धापा टाकीत चढतो. तेथे निवाडा स्पष्ट आहे, म्हणून तो चित्रपट समजावयास सोपा आहे. काशीच्या पायऱ्या अधिक अवघड आहेत, कारण त्या चढण्यावाचून अपूला गत्यंतर नव्हते.

या चित्रत्रयीच्या मूळ चित्रफितींची 1993 साली लंडन येथील आगीत मोठी हानी झाली; परिश्रमपूर्वक जीर्णोद्धार होऊन 2015 मध्ये तिन्ही चित्रपट पुन्हा पूर्वीच्या तेजाने प्रकटले. मधल्या चित्रपटाला त्याचे स्थान देण्यास यापेक्षा चांगला अवसर नाही. भारतीय भाषांतील आधुनिक साहित्य बव्हंशी अपूसारख्यांनीच लिहिले आहे: कोणत्या तरी मनसापोत्यातून निघून शहरात पोहोचलेल्यांनी. आपल्या उत्कर्षाची कहाणी सांगताना त्यांनी सर्वजयेला वंदन पुष्कळ केले. तिच्या अंगणात बसून निघून जाणाऱ्या गाडीकडे तिच्या डोळ्यांनी फार थोड्यांनी पाहिले. 'अपराजितो' ते पाहतो, आणि पाहून झाल्यावरही मुलाला जाऊ देतो.