पाळण्याखाली थांबलेली माणसं

परभणीला हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो तो फेब्रुवारीच्या सुरुवातीला. सत्तरच्या दशकात आम्ही बोरीहून एसटीनं उरसाला जायचो. आधी दर्गा, मग बाजार आणि सगळ्यात शेवटी पाळणे, असा अब्बांचा क्रम ठरलेला. पाळण्यांपाशी पोचलो की घराचे दोन भाग व्हायचे. अब्बा, चाचा आणि आम्ही पोरं रांगेत. अम्मी आणि खाला खाली. पिशव्या, चपला, चाचांची टोपी, हलवा-पराठ्याचं तेलकट पुडकं, सगळं त्यांच्या ओटीत. आम्ही वरून हात हलवायचो, त्या खालून हलवायच्या. अम्मी आयुष्यात एकदाही पाळण्यात बसली नाही. पण कोण कसं ओरडलं, कुणी डोळे घट्ट मिटले होते, पाळणेवाल्याचा पोरगा फिरत्या पाळण्याला लोंबकळून कसा वर जात होता, हे सगळं परतीच्या एसटीत तिलाच सांगता यायचं. वर बसलेल्या आम्हाला यातलं काही दिसलेलं नसायचं.

मी वर बसायचो खरा, पण पाळणा मला कधी आवडला नाही. तो वरून खाली यायला लागला की पोटात गोळा यायचा. हे मी कुणाला सांगितलं नाही. मुलग्यांनी असं सांगायचं नसतं, एवढं त्या वयातही कळत होतं.

ज्यांना पाळणे, झोके आणि उलटंपालटं करणाऱ्या गाड्या नको वाटतात, त्यांनी जत्रेत किंवा शहराबाहेरच्या मोठ्या मनोरंजन उद्यानात जाऊन करायचं काय, याविषयी मला बोलायचं आहे. विषय किरकोळ वाटेल. पण सुटीत सगळं घर बाहेर पडतं तेव्हा त्यात असा एखादा असतोच, आणि त्याचा दिवस पिशव्या सांभाळण्यात नाहीतर चेष्टा ऐकण्यात जातो.

नको म्हणणारी सगळी माणसं एकाच कारणानं नको म्हणत नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. मी बी.ए. झालेला माणूस, विज्ञान माझं दहावीलाच सुटलं. एका कानाच्या डॉक्टरांनी जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. आपल्या कानात, अगदी आत, तीन अर्धगोल नळ्या असतात आणि त्यांत पाण्यासारखा द्रव असतो. डोकं वळलं की नळी वळते, पण आतला द्रव क्षणभर मागे राहतो. एसटी एकदम सुटली की उभे प्रवासी मागे जातात, तसा. त्या धक्क्यानं तिथले बारीक केस वाकतात आणि मेंदूला खबर जाते की आपण वळलो. शेजारीच दोन छोट्या पिशव्या असतात, त्यांत चुन्याचे डोळ्यांना न दिसणारे खडे. वर-खाली, पुढे-मागे गेल्याची खबर त्या देतात. गरगर फिरून थांबलं तरी घर फिरताना दिसतं, ते आतला द्रव अजून थांबलेला नसतो म्हणून.

आता डोळे एक सांगतात आणि कान दुसरंच सांगतो, अशी वेळ आली की मेंदूचा गोंधळ होतो आणि त्याचा राग पोटावर निघतो. 'गाडी लागते' म्हणतो ते हेच. घाटात पुस्तक वाचणाऱ्याला लवकर मळमळतं, कारण डोळ्यांपुढचं पान स्थिर असतं आणि कान म्हणत असतो की वळणं चालली आहेत. दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास सहसा होत नाही. पुढे साधारण बारा वर्षांपर्यंत तो सगळ्यात जास्त असतो. पुरुषांपेक्षा बायकांना अधिक होतो, अर्धशिशी असणाऱ्यांनाही अधिक होतो. यात भित्रेपणाचा काही संबंध नाही.

दुसरी जात उंचीला घाबरणाऱ्यांची. यांना घाटात काही होत नाही, पण गच्चीच्या कठड्याशी पाय लटपटतात. आणि तिसरी माणसं, ज्यांना यातलं काहीही होत नाही, फक्त आवडत नाही. कारलं न आवडणाऱ्याला आपण कारण विचारतो का? यांनाही विचारू नये.

आपण यांपैकी कोण, हे ओळखलं नाही की फसगत होते. बघा, ज्याला गाडी लागते त्याला आपण दयाबुद्धीनं म्हणतो, 'तू मोठ्या पाळण्यात नको बसू, या घोड्यांच्या चक्रीवर बस, नाहीतर तो हलत्या खुर्च्यांचा सिनेमा बघ.' आणि नेमक्या याच दोन गोष्टी त्याला बाधतात! चक्री गोल फिरते, म्हणजे कानातला द्रव ढवळला जातो. सिनेमात तर डोळ्यांपुढे डोंगर धावत असतात आणि माणूस असतो जागच्या जागी. त्यापेक्षा संथ चालणारा उंच आकाशपाळणा त्याला चालून जातो, कारण दूरचं क्षितिज दिसत राहतं आणि डोळ्यांचं-कानाचं भांडण होत नाही. उलट उंचीला घाबरणारा माणूस चक्रीवर, होडीत, छोट्या रेल्वेत खुशाल बसेल. चक्रीवर बसायचंच असेल तर आतल्या बाजूचा घोडा धरावा, बाहेरचा तेवढ्याच वेळात मोठं वर्तुळ कापतो. नावेसारख्या मोठ्या झोक्यात मधली जागा बरी, टोकं फार वर जातात. उलटी न होण्याची गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि अर्धा-एक तास आधी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नसतो. शिवाय तिनं झोप येते.

पण या गोळ्या आणि या युक्त्या नंतरच्या. मुळात या जागा थरारासाठी निघाल्याच नव्हत्या. पिएत्रो देला वाल्ले नावाचा इटालियन प्रवासी १६१५ साली इस्तंबूलमध्ये रमजानच्या सणाला उंच लाकडी चाकाच्या पाळण्यात बसला आणि खूश झाला, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. हाच प्रवासी पुढे १६२३ मध्ये सुरतेला उतरला आणि गोव्यापर्यंत फिरला. म्हणजे उरसातल्या आपल्या पाळण्याचा भाऊबंद चारशे वर्षांपूर्वीही सणाच्या बाजारातच उभा होता. कोपनहेगनचं तिव्होली १८४३ साली उघडलं, ते बाग म्हणून: दिवे, गाणं-बजावणं, नाटक, खाणं आणि त्यातच एक चक्री. शिकागोच्या १८९३ च्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या पूल बांधणाऱ्या इंजिनिअरनं २६४ फूट उंचीचं चाक उभारलं. त्याला ३६ डबे होते, एकेका डब्यात ६० माणसं मावत, आणि दोन फेऱ्यांना वीस मिनिटं लागत. इतक्या संथ चाकात कोण किंचाळणार? लोक शहर बघायला वर जात.

वॉल्ट डिस्नेची गोष्ट तर मला फारच आवडते. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये त्याच्या दोन मुली चक्रीवर फिरत आणि हा बाप बाकावर शेंगदाणे खात बसे. मुलांबरोबर मोठ्यांनाही काही करता येईल अशी जागा का नसावी, हा विचार त्याला तिथं बसून सुचला, असं तो स्वतः सांगत असे. त्यातून १९५५ साली डिस्नेलँड उभं राहिलं, आणि त्याच्याभोवती फिरणारी आगगाडी पहिल्या दिवसापासून होती. जगातलं सगळ्यात नावाजलेलं उद्यान एका खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यातून निघालं!

छोट्या आगगाडीचं सुख आपल्याकडेही जुनं आहे. पुण्याच्या पेशवे पार्कातली फुलराणी १९५६ पासूनची. शेगावच्या आनंदसागरातल्या छोट्या रेल्वेत आमच्या भागातल्या किती आजी-आजोबांनी नातवंडांना मांडीवर घेतलं असेल, त्याची गणतीच नाही. आणि हैदराबादची रामोजी फिल्मसिटी आपल्या मराठवाड्याच्या सहलींची लाडकी झाली, त्याचं एक कारण मला असं वाटतं की तिथं बसमधून हिंडून खोटे राजवाडे आणि खोटी रेल्वेस्टेशनं बघण्यातच दिवस जातो. पाळण्यात बसलं नाही म्हणून कुणाचा दिवस बुडत नाही.

आता माझी चूक सांगतो. १९९५ साली माझा मुलगा आठ वर्षांचा होता. एका जत्रेत नावेचा मोठा झोका आलेला. तो 'नक्को' म्हणाला. आमच्या घरात दखनी बोलतात, नकोला आम्ही नक्को म्हणतो. त्याला एसटी लागायची, हे मला ठाऊक होतं. तरी चार लोकांसमोर माझा मुलगा मागे राहतो हे मला सोसलं नाही. मी स्वतः बसलो नाही, ते वेगळंच. त्याला चुलतभावांच्या मध्ये कोंबलं. झोका थांबला तेव्हा त्याचा सदरा खराब झालेला होता आणि पोरं हसत होती. मीही हसलो. तो एक शब्द बोलला नाही. पुढे कित्येक वर्षं उरसाला निघालो की त्याचा अभ्यास निघायचा.

त्याच मुलानं २०२३ मध्ये आम्हाला खोपोलीजवळच्या इमॅजिकाला नेलं. तो आता पुण्यात नोकरीला आहे. २०१३ साली सुरू झालेलं हे उद्यान. नायट्रो नावाची लाल गाडी आभाळात वळणं घेत होती आणि तिच्यातून किंकाळ्या खाली पडत होत्या. आठ वर्षांच्या नातीनं मान वर केली आणि म्हणाली, "मेरेकू नक्को." मी बापाच्या तोंडाकडे बघितलं. तो गुडघ्यावर बसला, तिच्या उंचीला आला आणि म्हणाला, "नक्को तो नक्को. चल, नकाशा देखते." मला त्या क्षणी दुसरीकडे बघावं लागलं.

मग आम्ही चौघं, आजी, मी, नात आणि तिचा बाप, त्या नकाशावर बोट ठेवून हिंडलो. अलीबाबाच्या गुहेत गाडीत बसून चोरांवर बंदुका चालवल्या; आजीचा नेम सगळ्यांत चांगला निघाला. 'आय फॉर इंडिया'त खुर्च्या उचलल्या जातात आणि पडद्यावर आपण देशावरून उडत जातो. तिथं मी डोळे मिटून बसलो, कारण मला उंचीही नको आणि गाडीही लागते. नातीला मात्र ताजमहालापेक्षा ढगच आवडले. डायनासोरच्या होडीत शेवटी एक घसरण आहे, हे बाहेर उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला विचारल्यावर कळलं. विचारायला लाजू नये. प्रत्येक राइडच्या तोंडाशी सूचनेचा फलक असतो, गरोदर बायका, हृदयविकार, रक्तदाब, मानेचं-पाठीचं दुखणं. तो वाचला की आत काय आहे याचा अंदाज येतो. शेवटी घोड्यांची चक्री. आजी घोड्यावर बसली. माझी बायको त्याआधी कशावर बसलेली मी तरी पाहिली नव्हती. ऊन उतरलं, संध्याकाळची मिरवणूक निघाली, आणि नायट्रोवाले तोपर्यंत दमून आडवे झालेले होते.

एक गोष्ट खटकली ती बोलतो. मोठ्या उद्यानांत बहुतेक ठिकाणी दारातच सगळ्याचं मिळून एक तिकीट असतं. वीस राइड घेणारा आणि दोन घेणारा, दोघांना भाव एकच. डिस्नेलँडमध्ये १९८२ पर्यंत ए पासून ई पर्यंतच्या कुपनांचं पुस्तक मिळायचं, थरारक राइडला ई कुपन, साध्यासुध्याला ए. पुढे ते गेलं. चार माणसांच्या घरात आजीच्या तिकिटाचा हिशेब मांडला जातो आणि मग 'तुम्ही काय बसणार आहात, घरीच थांबा' असं ठरतं. तिकीट काढण्याआधी ज्येष्ठांसाठी काही सवलत आहे का, एवढं खिडकीवर विचारावं; पुष्कळ ठिकाणी असते. या बाबतीत आपली जत्रा शहाणी. आत जायला पैसे नाहीत, ज्यात बसाल त्याचे द्या. अम्मीला उरूस फुकट पडायचा आणि तिला तो सगळ्यांत जास्त मिळायचा.

परवाच्या फेब्रुवारीत मुलगा सुटी काढून आला. दर्गा झाला, बांगड्या झाल्या, हलवा-पराठा झाला. भाच्याला आकाशपाळण्यात बसायचं होतं, सोबत कुणी मोठं हवं, म्हणून मुलगा स्वतःहून रांगेत उभा राहिला. नात आणि मी खाली. पिशव्या माझ्याकडे, चपला तिच्याकडे. ती मान वर करून एकटक बघत होती. परतीच्या गाडीत तो भाच्याला सांगत होता की वरून दर्ग्याची रोषणाई कशी दिसली. मागच्या सीटवरून नात म्हणाली, "झूट नक्को बोलो अब्बा. तुम्हारी आँखां बंद थी."