वास येईनासा झाला तर...

सीताबर्डीच्या बाजारात संत्र्यांचा वास येईनासा झाला, तर आपण सर्दी समजून सोडून देतो. मी मात्र वयस्कर रुग्णांना वासाबद्दल मुद्दाम विचारतो. कंपवातात (पार्किन्सन) हात थरथरण्याच्या कित्येक वर्षे आधी वास मंदावू शकतो. जर्मन शास्त्रज्ञ हाइको ब्राक यांनी २००३ मध्ये मांडले की, या रोगातील विकृत प्रथिने सुरुवातीलाच नाकाच्या वर असलेल्या मेंदूच्या गंधकंदात साठतात. तेथील रक्षक पेशी चेतवल्या जाऊन दाह होतो. तो लांबल्यास चेतापेशींनाही इजा होऊ शकते.

वाचकहो, घाबरू नका! सायनस, कोविड, वार्धक्य यांमुळेही वास जातो. परंतु सर्दी नसताना वास गेला आणि जोडीला बद्धकोष्ठता किंवा झोपेत हातपाय झाडणे असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना अवश्य दाखवावे.