हायब्रिड गाडी रोजच्या प्रवासाला परवडते का?

पेट्रोलने लिटरमागे शंभरी गाठल्यापासून हायब्रिड गाड्यांविषयीचे कुतूहल वाढले आहे. टोयोटाने १९९७ साली जपानमध्ये ‘प्रियस’ बाजारात आणली. होंडाने २००८ मध्ये ‘सिव्हिक हायब्रिड’ भारतात आणली खरी, पण तिची किंमत बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होती. २०२२ मध्ये मारुतीची ‘ग्रँड व्हिटारा’, टोयोटाची ‘हायरायडर’ आणि होंडाची ‘सिटी’ हायब्रिड रूपात आल्यावर हा पर्याय अनेकांच्या विचारात येऊ लागला. प्रश्न एवढाच, की जादा मोजलेले पैसे वसूल होतात का?

बचत कोठून होते?

साध्या गाडीत ब्रेक दाबला, की गतीची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. हायब्रिडमधील विजेची मोटर त्या वेळी जनित्राचे काम करते आणि ऊर्जेचा काही भाग बॅटरीत साठवते. सिग्नल सुटल्यावर गाडी बहुधा त्याच विजेवर पुढे सरकते. इंजिन बंदच असते. त्यामुळे वाहतूक जितकी थांबत-थांबत चालेल, तितका लाभ अधिक. द्रुतगती मार्गावर ब्रेक क्वचितच लागतो. तेथे हा लाभ बराच घटतो.

हे वर्णन ‘स्ट्राँग हायब्रिड’चे आहे. ‘माइल्ड हायब्रिड’मध्ये मोटर इंजिनाला केवळ हातभार लावते, एकटी गाडी ओढत नाही. खरेदीपूर्वी हा भेद नीट समजून घ्यावा.

हिशेब काय सांगतो?

उदाहरणादाखल असे धरू, की हायब्रिडसाठी तीन लाख रुपये जादा मोजावे लागले, शहरात साधी गाडी लिटरला १६ किलोमीटर धावते, तर हायब्रिड २४ आणि पेट्रोल १०० रुपये लिटर आहे. वर्षाला १२ हजार किलोमीटर प्रवास असल्यास २५० लिटर पेट्रोल, म्हणजे २५ हजार रुपये वाचतील. तीन लाख वसूल होण्यास बारा वर्षे लागतील. प्रवास ३० हजार किलोमीटर असेल, तर तीच वसुली पाच वर्षांच्या आत होईल. मात्र बाजारातील स्ट्राँग हायब्रिड गाड्या ऑटोमॅटिक असल्याने किमतीची तुलनाही ऑटोमॅटिक गाडीशीच करावी. फरक कमी भरेल.

सप्टेंबर २०२५ मधील जीएसटी बदलानुसार चार मीटरहून लांब हायब्रिडवर ४० टक्के कर आहे, तर विजेवरील गाड्यांवर ५ टक्के. घरी चार्जिंगची सोय असल्यास तो पर्याय आधी तपासावा. ती सोय नसेल आणि रोज कोंडीतून लांब जावे लागत असेल, तर हायब्रिड फायद्याची ठरते. केवळ रविवारी बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला साधी पेट्रोल गाडीच स्वस्त पडेल.