यकृताच्या घड्याळात किती वाजले?

रात्री अकराच्या सुमारास पुणे–नागपूर ट्रॅव्हल्स हायवेवरच्या एखाद्या ढाब्यापाशी थांबते. क्लीनर ओरडतो, "जेवणासाठी वीस मिनिटं!" पेंगुळलेली माणसं चपला शोधत खाली उतरतात आणि भूक असो-नसो, पावभाजी नाहीतर पनीर मसाला आणि बटर रोटी मागवतात. त्यांत फिरतीची नोकरी असणारे बरेच असतात: बियाणं-खतांचे प्रतिनिधी, मशिनच्या दुरुस्तीला निघालेले इंजिनियर, ऑडिटला चाललेले बँकवाले. बाहेरच्या खाण्यात तेल किती आणि मैदा किती, याची काळजी त्यांच्या घरचे करतच असतात. घड्याळाचा विचार मात्र कुणी करत नाही. मनगटावरच्या नव्हे, पोटातल्या.

पोटात खरोखरच घड्याळं आहेत, आणि ती कशी सापडली ती गोष्ट फार सुरस आहे. 1729 मध्ये द मेराँ नावाच्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने लाजाळूच्या जातीचं एक झाड अंधारात ठेवलं. ऊन दिसत नसतानाही त्याची पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. म्हणजे वेळ झाडाच्या आतच कुठेतरी होती. ती नेमकी कुठे, याचा पहिला धागा हाती यायला 1971 साल उजाडलं. कॅलिफोर्नियात रोनाल्ड कोनोप्का आणि सीमोर बेंझर यांना फळमाश्यांमध्ये एक जनुक सापडलं. ते बिघडलं की माशीचा दिवसच बिघडायचा. हे जनुक एक प्रथिन बनवतं. प्रथिन पुरेसं साठलं की ते आपल्याच जनुकाचं काम थांबवतं. हळूहळू प्रथिन झिजतं, जनुक पुन्हा कामाला लागतं, आणि या एका फेरीला सुमारे चोवीस तास लागतात. या यंत्रणेचा उलगडा करणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना 2017 चं नोबेल मिळालं.

माणसात मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी आहे. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या लगेच वर, जेमतेम वीस हजार पेशींचा पुंजका. उजेड पाहून तो वेळ लावतो. पण यकृत, स्वादुपिंड, स्नायू, चरबी यांच्या पेशींमध्येही हीच यंत्रणा चालू असते. मेंदूतलं घड्याळ म्हणजे हेड ऑफिस आणि ही सगळी ब्रँच ऑफिसं. सहसा ब्रँच हेड ऑफिसचं ऐकते. सहसाच!

2000 साली जिनिव्हात उली शिब्लर यांच्या प्रयोगशाळेने उंदरांवर एक साधा प्रयोग केला. उंदीर रात्री खाणारा प्राणी. त्याला फक्त दिवसा खायला दिलं. काही दिवसांत यकृताचं घड्याळ जवळजवळ पूर्ण उलटं फिरलं. मेंदूचं घड्याळ जागचं हललं नाही. एकाच देहात मेंदूला रात्र आणि यकृताला दिवस!

माणसाचं काय? 2017 मध्ये इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठात 10 निरोगी तरुणांची तिन्ही जेवणं पाच तास पुढे ढकलली. झोप आणणाऱ्या मेलाटोनिनचं वेळापत्रक तसंच राहिलं, पण रक्तातल्या साखरेची रोजची चढ-उतार साडेपाच तासांहून जास्त पुढे सरकली. उजेड मेंदूला वेळ सांगतो तसं जेवण बाकीच्या शरीराला वेळ सांगतं.

आता त्या ढाब्यावर परत या. रात्री अकराला रक्तात मेलाटोनिन चढलेलं असतं. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर मेलाटोनिन ओळखणारे रिसेप्टर असतात आणि त्याच्या इशाऱ्यावर या पेशी हात आखडता घेतात. तोच पाव सकाळी खाल्ला तर साखर जेवढी चढते, त्याहून रात्री जास्त चढते. पाव बदललेला नाही, वेळ बदलली.

मग रात्रीचा प्रवास करणाऱ्याने करायचं काय? बोस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी 2021 मध्ये 19 तरुणांना प्रयोगशाळेत कृत्रिम रात्रपाळी करायला लावली. काहींना रात्रीही जेवण दिलं, काहींना फक्त दिवसा. रात्री जेवणाऱ्यांची साखर वाढली. दिवसाच जेवणाऱ्यांची वाढली नाही, जागरण दोघांचं सारखं असूनही. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत दिलासा देणारी गोष्ट वाटते. गाडीची वेळ आपल्या हातात नसते, जेवणाची पुष्कळदा असते.

गाडी संध्याकाळची असेल तर स्टँडाजवळच्या खानावळीत सातच्या आत जेवून घ्यावं. राइस प्लेटची एक गंमत आहे. 2015 मध्ये न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलमध्ये 11 मधुमेही माणसांना एकच जेवण दोन वेगवेगळ्या क्रमांनी दिलं. भाज्या आणि प्रथिनं आधी, ब्रेड-ज्यूस नंतर, असं केल्यावर तासाभराने साखर 37 टक्के कमी होती. आपल्या पंगतीत सुरुवात वरणभाताने होते, म्हणजे नेमकी उलटी. खानावळीत मात्र भात शेवटी येतो. काकडी-कांदा आणि उसळीचा समाचार आधी घ्यायचा, मग पोळी, आणि भात येईल तेव्हा जागा उरली असेल तेवढाच. दुपारी निघायचं असेल तर दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी यांना तोड नाही. डब्याचा मोठा फायदा म्हणजे तो आपल्या वेळेला उघडतो, क्लीनरच्या नाही.

ढाब्यावर मग उतरायचंच नाही का? उतरावं, पाणी प्यावं आणि पार्किंगमध्ये दहा मिनिटं फेऱ्या माराव्यात. चालताना पोटऱ्या-मांड्यांचे स्नायू आकुंचन पावतात, तेव्हा साखर आत घेणारी त्यांची दारं इन्सुलिनची वाट न पाहता उघडतात. हे मला अजूनही थोडं जादूचं वाटतं.

सकाळी गाडीतून उतरल्यावर समोर तळणाचा घमघमाट असतो आणि चार वडे सहज जातात. हा सगळा हावरटपणा नसतो. शिकागो विद्यापीठात 2004 मध्ये 12 निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन 18 टक्के घटलं आणि भूक लावणारं घ्रेलिन 28 टक्के वाढलं. ओढ सर्वांत जास्त गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. म्हणून वड्यांच्या गाडीपाशी पोचण्याआधी उकडलेली अंडी, इडली-सांबार किंवा पोह्यांवर भरपूर मटकी घालून खाऊन घ्यावं. आणि खाताना उन्हात उभं राहावं. मेंदू आणि यकृत दोघांनाही एकदमच कळतं की सकाळ झाली.

एक मात्र लक्षात ठेवा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाच्या वेळा परस्पर बदलू नका, रात्रीचं जेवण टाळू तर मुळीच नका. साखर एकदम खाली येऊ शकते. पुढच्या दौऱ्याचं वेळापत्रक घेऊन आधी डॉक्टरांकडे जा आणि कुठला डोस कुठल्या जेवणाबरोबर घ्यायचा ते त्यावरच लिहून घ्या.