जंजिऱ्याचे सिद्दी, यल्लापूरचे सिद्दी

‘सिद्दी’ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे मुरूडच्या समुद्रातला जंजिरा उभा राहतो. शिवछत्रपतींना तो साधला नाही. संभाजीराजांनी १६८२ साली किनाऱ्यापासून दगडांचा सेतू घालून पाहिला, तोही तडीस गेला नाही. त्या सलामुळेच की काय, तटाच्या आत राज्य कसे चालत होते याची विचारपूस आपण फारशी केली नाही.

श्रोतेहो, हे लोक मूळचे आफ्रिकेचे. कित्येक जण गुलाम म्हणून विकले जाऊन दक्षिणेत आले आणि तलवारीच्या बळावर सरदार झाले. निजामशाहीचा गाडा हाकणारा मलिक अंबर त्यांतलाच. जंजिरेकरांनी आधी निजामशाहीची, मग आदिलशाहीची आणि पुढे मोगलांची चाकरी केली. धनी बदलले, किल्ला सोडला नाही.

त्यांची एक रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रमुख वारला की त्याच्या मुलाला मागे ठेवून आरमारातल्या पहिल्या सरदाराला गादी देत. भोवती पाणी आणि पलीकडे शत्रू असता अजाण वारस परवडणारा नव्हता, असे मला वाटते. पुढे नवाबी वंशपरंपरेने चालू लागली आणि वारशाचे तंटे आले. अशाच एका तंट्यात पेशव्यांनी १७९१ साली बाळू मियाँ सिद्दीला जंजिऱ्यावरील हक्काच्या मोबदल्यात सुरतेजवळचे सचीन मिळवून दिले. जंजिरा मात्र पेशव्यांच्या हाती कधीच आला नाही. १९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राज्यकर्ते सिद्दी मूठभर. रयत कोळी, आगरी, कुणबी आणि कोकणी मुसलमान अशी.

मी जेथून बोलतो आहे त्या बेंगळूरुत मात्र ‘सिद्दी’ म्हटले की उत्तर कन्नड जिल्ह्यातले यल्लापूर-हल्याळचे रान आठवते. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकी गुलामांपैकी काही जण घाटाच्या आश्रयाला पळाले. येथले बरेच सिद्दी त्यांचे वंशज. यांना ना आरमार, ना सनद. कोणी हिंदू, कोणी ख्रिस्ती, कोणी मुसलमान. पण घरची बोली कोकणीच्या वळणाची, मराठी-कानडी शब्द मिसळलेली. आपल्या कानांना ती परकी वाटू नये. सरकारी यादीत अनुसूचित जमात म्हणून त्यांची नोंद होण्यास २००३ साल उजाडावे लागले. २०२० मध्ये शांताराम सिद्दी यांची कर्नाटक विधान परिषदेवर नियुक्ती झाली, तेव्हा या समाजाचा माणूस आमदार म्हणून प्रथमच विधानसौधाची पायरी चढला.